नागपूरकर भोसल्यांचा वारसासंघर्ष
नागपूरच्या गादीसाठी साबाजी व मुधोजी भोसले या भावांत झालेले गृहयुद्ध (1772–75). त्यांचे थोरले बंधू व नागपूरचे शासक निपुत्रिक जानोजी यांनी मुधोजींचे पुत्र रघूजी (दुसरे) यांना वारस ठरवले होते. तरीही जानोजींच्या मृत्यूनंतर साबाजींनी सत्ता घेतली; जानोजींची विधवा दर्याबाई आरंभी त्यांच्या बाजूस होती. संघर्ष रणांगणाइतकाच पाठिंब्याच्या देवघेवीत लढला गेला. नारायणराव पेशवे साबाजींकडे, तर त्यांचे चुलते रघुनाथराव मुधोजींकडे होते (पहा : बारभाई). वऱ्हाडात तेव्हा निजाम व भोसले यांचा दुहेरी अंमल होता. याच वऱ्हाडात अकोल्याजवळ कुंभारीची लढाई झाली (1773). 26 जानेवारी 1775 रोजी पाचगाव येथे साबाजी मारले गेले आणि रघूजींच्या नावाने मुधोजी कारभार पाहू लागले.