व्होल्टेज-बिंदू, प्रोसेसरचे

एम्बेडेड लिनक्सवर चालणाऱ्या राउटर, गेटवे, रेकॉर्डर अशा बोर्डांत प्रोसेसरचा वेग आणि त्या वेगाला लागणारे व्होल्टेज यांच्या ठरवून दिलेल्या जोड्या. जोड्यांची यादी डिव्हाइस ट्रीत किंवा ड्रायव्हरमध्ये असते. वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवायचे, मग वेग. उतरताना क्रम उलटा. एखाद्या वेगासमोरचा आकडा कमी पडला की बोर्ड हँग होतो, कर्नल पॅनिक येते किंवा बोर्ड आपोआप रीबूट होतो. लक्षण फसवे असते : पूर्ण भारावर तासन्‌तास टिकणारा बोर्ड रिकामा असताना पडतो, कारण बिघाड पुष्कळदा वेग बदलण्याच्या क्षणी घडतो.

आर्मडा 3720 : मार्व्हेलची ही चिप एस्प्रेसोबिन बोर्डावर आणि सीझेड.निक या चेक संस्थेच्या तुरिस मॉक्स राउटरमध्ये आहे. तिला वेगाच्या चार पायऱ्या आहेत. एल-0 सर्वांत वरची. 1 गिगाहर्ट्‌झच्या चिपवर एल-1 पायरीला 1.05 व्होल्ट मिळत होते. तेथून एल-0 वर जाताच प्रोसेसर अडकून पडे. पाली रोहार व मारेक बेहून यांच्या 2021 मधील दुरुस्तीमालेत हा किमान आकडा 1.108 व्होल्ट करण्यात आला; 1.2 गिगाहर्ट्‌झच्या चिपसाठी 1.155. वाढ जेमतेम 58 मिलिव्होल्टची, पण वीजखर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या पायरीवर तो सुमारे 11 टक्क्यांनी चढतो. शिवाय खालच्या पायऱ्यांवरून थेट एल-0 गाठण्याऐवजी मध्ये एल-1 वर 20 मिलिसेकंद थांबावे लागते. ही अट कर्नलमध्ये आधीपासून होती. केवळ तिच्याने भागले नाही.

हवामान : विदर्भात हा विषय पुस्तकी राहत नाही. नागपूरचा पारा मे 2013 मध्ये 47.9 अंशांवर गेला होता, तर डिसेंबर 2018 मध्ये 3.5 अंशांवर उतरला होता. उष्णतेने चिपमधील गळतीप्रवाह वाढतो. तापमानमर्यादा गाठली की कर्नल वेग वारंवार खाली-वर करतो आणि प्रत्येक बदलागणिक कच्ची जोडी उघडी पडण्याची संधी वाढते. थंडीचा धोका सहसा विसरला जातो : कमी व्होल्टेजवर आधुनिक ट्रान्झिस्टर थंडीत मंदावतात, म्हणून उन्हाळा काढलेला बोर्ड डिसेंबरच्या पहाटे सुरूच होत नाही असे घडू शकते.

रास्पबेरी पाय : पुरवठा 4.63 व्होल्टखाली गेल्यास इशारा मिळतो. दोष बहुधा अ‍ॅडॉप्टरचा किंवा केबलचा, जोड्यांच्या यादीचा नव्हे.

निदान व दुरुस्ती : कर्नलमधील वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवून वेग एकाच जागी बांधावा. क्रॅश थांबले तर संशय यादीवर किंवा बदलाच्या क्रमावर घ्यावा; न थांबल्यास पुरवठा व रॅम आधी तपासावेत. मग एकेका पायरीचे व्होल्टेज रेग्युलेटरच्या टप्प्याने वाढवत जावे आणि चिपच्या कमाल मर्यादेपाशी थांबावे. मापनाला मल्टिमीटर पुरत नाही. क्षणिक घसरण ऑसिलोस्कोपवरच, तीही चिपलगतच्या कपॅसिटरवर दिसते. व्होल्टेज वाढवण्यापेक्षा वरचा वेग यादीतून काढणे हा उपाय कमीपणाचा मानला जातो, पण बंद डब्यात, उन्हात बसवलेल्या यंत्रासाठी तोच योग्य. आर्मडाच्या 1.2 गिगाहर्ट्‌झ प्रकारात मूळ कारण निश्चित न झाल्याने कर्नलने 2021 मध्ये वेगबदलच बंद केला. तेव्हा ती चिप फर्मवेअरने लावून दिलेल्या वेगावरच चालू लागली.