ओरत्तनाडुपासून समुद्रापर्यंत

तंजावरच्या मराठ्यांचा विषय निघाला की आपण सरस्वती महाल आणि बृहदीश्वरापाशीच थांबतो. आज तिथून दक्षिणेला, ओरत्तनाडुला जाऊ.

इथलं मुक्तांबाळ छत्रम सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने बांधलं. छत्रम म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा. रामेश्वरच्या यात्रेकरूंना इथे जेवण मिळे. मुलांची शाळाही होती. १७९९ च्या तहाने राज्य इंग्रजांकडे गेलं. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि आसपासचा भाग. तरी १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंटला पत्र लिहून विनवलं, की छत्रांच्या धर्मकार्यात खंड पडू देऊ नका.

मी तिथून किनाऱ्याला गेलो. वाटेत सेतुबावाछत्रम लागतं. नावात आपला ‘बावा’ आहे बघा! जवळच मनोरा. नेपोलियनच्या पराभवानिमित्त, १८१४-१५ च्या सुमारास सरफोजींनी तो उभारला. राज्य घेतलं इंग्रजांनी, आणि त्यांच्याच विजयाचा मनोरा मराठी राजाने बांधला. आरमाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मला हे बोचलं.

पण समुद्राचा इतिहास फक्त राजांचा नसतो. याच किनाऱ्यावर ‘कट्टुमरम’ चालत आलं: कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. ओंडके दोरीने बांधायचे, समुद्रावर जायचं, परत आलं की सोडून वाळवायचे. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ शब्द इथलाच.

खाली रामनाथपुरम जिल्ह्यात, तोंडीच्या बाजूला, देवळाच्या उत्सवात आजही मच्छीमार गावांच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती लागतात. एका होडीत पाचसहा जण. होडीच्या बाजूला आडवी फळी काढलेली असते. वारा जोरात भरला आणि होडी कलली, की गडी त्या फळीवर बाहेर सरकून आपल्या वजनाने तोल धरतात. रोज इंजिनावर मासेमारी करणारी पोरं त्या दिवशी आजोबांचं शीड हाताळतात. शर्यत बंद पडली, तर ही विद्या कुठल्या पोथीतून परत मिळणार?

म्हणून माझं सांगणं एवढंच: तंजावरला जाल तेव्हा मनोरा जरूर बघा. पण छत्रातलं अन्न आणि होडीतली फळी विसरू नका. आपलं राज्य गेलं, तरी माणसांनी एकमेकांना सांभाळायची रीत तिथे टिकली.

भेटू पुढच्या भागात.