एका डॉटने विखुरलेला प्रकाश

गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकावर इंडियम आर्सेनाइडचे थर चढवू लागलो, की दीड-दोन थरांतच ताण असह्य होतो आणि सपाट पृष्ठभागावर आपोआप बारीक टेकड्या उठतात. एकेक टेकडी साधारण २० नॅनोमीटर रुंद, उंचीला त्याहून पुष्कळ कमी, पोटात लाखभर अणू. ती वरून झाकून ४ केल्व्हिनपर्यंत थंड केली, की लाखाचा हा जमाव प्रकाशाशी एकट्या अणूसारखा वागतो. हाच आपला क्वांटम डॉट. (२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांच्यामुळे गाजले ते डॉट काचेत आणि द्रावणात वाढवलेले, यांचे चुलतभाऊ म्हणा.)

डॉटच्या नेमक्या रंगाचा लेझर त्यावर सोडायचा आणि तो काय विखुरतो ते पाहायचे, एवढाच हा विषय. ऐकायला सोपा, पण दोन्ही प्रकाश एकाच रंगाचे, आणि स्फटिकावरून उलटणारा लेझर डॉटचा क्षीण प्रकाश पार बुडवून टाकतो. २००७ मध्ये लेझर कडेने आत सोडून विखुरलेला प्रकाश वरून टिपला गेला. पुढे काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांनी तेच साधले. चांगल्या मांडणीत आज लेझरच्या कोटी फोटॉनांपैकी एखादाच निसटतो.

लेझर जोरकस असेल तर वर्णपटात एकाऐवजी तीन रेषा उमटतात. मोलो यांनी १९६९ मध्ये गणिताने मांडलेले हे त्रिकूट डॉटमध्येही दिसले आहे. मला मात्र खरी मौज वाटते ती मंद लेझरची. तेव्हा विखुरलेला बहुतेक प्रकाश लेझरइतक्याच शुद्ध रंगाचा असतो, तरीही फोटॉन एकेकटेच येतात. एक फोटॉन दिल्यावर डॉटला पुन्हा उत्तेजित व्हायला वेळ लागतो, हे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते. त्या अरुंद रेषेच्या पायथ्याशी रुंद वर्णपटाचा, अगदी थोडा असा दुसरा प्रकाश असतो. दोहोंच्या व्यतिकरणातून जोडीने येणारे फोटॉन पुसले जातात. २०२० मध्ये दोन गटांनी अरुंद फिल्टर लावून तो थोडा प्रकाश गाळला, तेव्हा फोटॉनांचा एकेकटेपणाही गेला.

म्हणजे अतिशुद्ध रंग आणि एकेकटा फोटॉन, दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. २०२० च्या आधीचे शोधनिबंध मात्र दोन्ही एकदम मिळतात असे सुचवतात, म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्याने कोणताही आलेख पाहण्यापूर्वी फिल्टर किती रुंद होता ते आधी शोधावे.