फोनला डायल नव्हती

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आंबेडकर जयंती आठवते, आणि तशीच आठवायला हवी. पण त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही सुरू होतो, १४ ते २० एप्रिल. त्या आठवड्यात ऑफिसात फायर ड्रिल असतं. आपण जिन्याने खाली उतरतो, असेम्ब्ली पॉइंटवर उभे राहतो, कोणीतरी चहाची टपरी गाठतो आणि वीस मिनिटांत परत जागेवर. सप्ताह १४ तारखेलाच का सुरू होतो, हे मात्र त्या ड्रिलमध्ये कोणी सांगत नाही.

मी मूळचा पिंपरी पेंढारचा. जुन्नर तालुका, कल्याण-नगर रस्ता, ओतूर आणि आळेफाट्याच्या मध्ये. आमच्या पट्ट्यातल्या घराघरातलं कोणी ना कोणी एके काळी मुंबईला असायचं: बाजारात, गिरणीत, डबेवाल्यांत नाहीतर गोदीत. त्यामुळे 'गोदीतला स्फोट' हे शब्द लहानपणी कानावर पडलेले. म्हातारी माणसं 'धक्क्यावरचा बार' असंही म्हणायची. पुढे मोठेपणी त्याबद्दल वाचायला लागलो. आपण ज्याला 'इन्सिडेंट टाइमलाइन' म्हणतो तशीच या प्रकरणाची जवळजवळ मिनिटामिनिटाची नोंद आहे, आणि ती वाचताना पोटात गोळा येतो.

साल १९४४, शुक्रवार. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा. टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे, शिवाय लढाऊ विमानांचे सुटे भाग आणि पेट्यांमध्ये सोन्याच्या विटा. कराचीला त्यात कापसाच्या गाठी चढवल्या, तेलाची पिंपं चढवली, लाकूड चढवलं. दोन नंबरच्या फाळक्यात तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. शांततेच्या काळात असं जहाज बंदरात आलं की त्यावर लाल बावटा लावायचा नियम. युद्धाच्या धामधुमीत तो नियम बाजूला पडला होता, कारण प्रत्येकच जहाजावर काही ना काही स्फोटक असायचं. सगळ्यांनाच बावटा लावला तर बावट्याला अर्थ काय? (सगळी तिकिटं 'अर्जंट' असलेल्या प्रोजेक्टवर ज्याने काम केलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.)

दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. अग्निशमन दलाचा एक ट्रेलर पंप माणसांसकट धक्क्यावर तैनात होताच. त्याच्या प्रमुखाने एका सहकाऱ्याला फोनकडे पिटाळलं. गंभीर आगीसाठी एक खास नंबर ठरलेला होता, तो फिरवला की कंट्रोल रूमला कळायचं की हे प्रकरण साधं नाही. सहकारी फोनपाशी पोचला, तर फोनला डायलच नव्हती! मग त्याने घाईत जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली. घंटा वाजली, पण घंटेला फक्त 'आग' एवढंच सांगता येतं. 'दारूगोळ्याच्या जहाजावर आग' हे तिला सांगता येत नाही. कंट्रोल रूमने नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दोन पंप पाठवले. ते पोचल्यावर अधिकाऱ्यांना जहाजात काय आहे ते कळलं आणि मग मोठी कुमक मागवली गेली.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गाड्या उशिरा आल्या असं कोणालाही म्हणता येणार नाही. आपल्याकडे आग म्हटली की पहिली चर्चा 'बंब किती वेळात आला' ही असते. मुंबईचं अग्निशमन दल तेव्हाही नवखं नव्हतं. १८८७ पासून ते नगरपालिकेकडे होतं, घोड्यांच्या गाड्या जाऊन मोटार पंप आले होते, आणि युद्धामुळे माणसं नि पंप दोन्ही वाढवले होते. पंप आले, होजपाईप लागले आणि फाळक्यात पाणी पडायला सुरुवात झाली. पुढच्या दीड-दोन तासांत जवळजवळ ९०० टन पाणी ओतलं गेलं. पण घट्ट आवळलेली कापसाची गाठ आतून धुमसते, पाणी तिच्या पोटात शिरत नाही. उलट पाणी साचत गेलं तशा जळत्या गाठी तरंगून वर वर, म्हणजे स्फोटकांच्या दिशेने सरकू लागल्या. आग विझवण्याचा प्रत्येक लिटर आगीला वर ढकलत होता. जहाजाच्या बाजूचा रंग एका जागी फुगून फोड यायला लागले तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते दिसलं. तिथे भोक पाडून आत पाणी मारावं म्हणून गॅस कटर आणला, तो चाललाच नाही.

आणि वर काय चाललं होतं? वर चर्चा चालली होती. लष्कराच्या स्फोटक तज्ज्ञ अधिकाऱ्याचं म्हणणं, हे जहाज उडालं तर सगळी गोदी घेऊन जाईल, ते बुडवा. गोदीच्या जनरल मॅनेजरचं म्हणणं, ते बाहेर समुद्रात न्या. अग्निशमन दलाच्या प्रमुखाला, नॉर्मन कूम्ब्सना, वाटत होतं आग विझेल. कप्तान नेस्मिथ कोणत्याच बाजूने ठाम होईना. गोदीत पाणी उथळ, तळाला छिद्रं पाडली तरी जहाज पुरतं बुडेल याची खात्री नाही. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य होतं, आणि बाकीच्यांना गप्प करून 'हेच करा' म्हणायचा अधिकार तिथे कोणाकडेच नव्हता. आपल्या कॉन्फरन्स कॉलवर असं झालं तर फार तर सर्व्हर पडतो.

३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा, त्याहून मोठा. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, १,७०० किलोमीटरवर सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. 'जलपद्म' नावाचं एक अख्खं जहाज उचलून धक्क्यावर फेकलं गेलं. जळता कापूस आकाशातून मांडवी, मस्जिद बंदरच्या वस्तीवर पडला. मेलेल्यांचा आकडा ८०० ते १,३०० च्या दरम्यान सांगितला जातो, बेघर झालेल्यांचा ८०,०००. एक सोन्याची वीट दीड किलोमीटरवर एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. त्याने ती सरकारला परत केली, बक्षीस मिळालं ते मदतनिधीला देऊन टाकलं. गोदीतला गाळ काढताना १९७० च्या दशकापर्यंत विटा सापडत होत्या. सेन्सॉरमुळे सविस्तर बातमी द्यायला मे उजाडला.

अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. त्यातले बहुतेक पहिल्या स्फोटात, होजपाईप हातात असताना. त्यांच्या नावाने हा सप्ताह.

गावाकडे अग्निशमन केंद्र नाही. कडब्याची गंज पेटली की माणसं बादल्या, हंडे, माती घेऊन पळतात, आणि थ्री फेज लाईट असेल तर जवळच्या विहिरीवरची मोटर सुरू करतात. नसेल तर नाही. त्याचं कौतुक करायचं कारण नाही, ती गैरसोयच आहे. पण एक गोष्ट तिथे आपोआप होते. कोणाच्या पडवीत डिझेलचा कॅन आहे, कोणाचा भरलेला सिलेंडर कुठे आहे, गोठ्यात किती जनावरं बांधलीत, हे पळत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कोणीतरी ओरडतोच, "आरं, आधी ड्रम काढ!" शहरात बंब दहा मिनिटांत येतो, पण तो येतो अनोळखी घरी.

मुंबईत आज नव्वद मीटरपर्यंत पोचणारी हायड्रॉलिक शिडी आहे, फोमच्या गाड्या आहेत, पाण्याचे जंबो टँकर आहेत. तरी ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये काय झालं ते आठवा. आग विझवताना जुनी इमारत कोसळली आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले: संजय राणे, महेंद्र देसाई, सुधीर अमीन आणि खुद्द मुख्य अधिकारी सुनील नेसरीकर. ७१ वर्षांनंतरही तेच. गाड्या वेळेवर, माणसं सर्वात पुढे, आणि समोरच्या वास्तूच्या पोटात काय शिजतंय ते कोणालाच दिसत नाही.

कायदा आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' द्यायचा असतो. तुमच्या सोसायटीचा शेवटचा कधी दिला होता, विचारून बघा. (विचारल्यावर लोक तुमच्याकडे कसे बघतात तेही बघा.)

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी फॉर्मचं विचारलं. तो होता, फाईलला लावलेला. मग मी विचारलं की रात्री दोन वाजता बंब आला तर बेसमेंटमधल्या जनरेटरपाशी किती डिझेल ठेवलंय आणि गॅसच्या मुख्य पाइपची चावी कुठे आहे, हे त्यांना सांगणार कोण? सेक्रेटरी म्हणाले, वॉचमनला माहीत असेल की. वॉचमन गेल्या सोमवारीच बदललाय.