पवनारचे प्रायोपवेशन आणि पडद्यावरचा साठावा वाढदिवस

१/ नोव्हेंबर १९८२. वर्ध्याजवळ, धाम नदीकाठच्या पवनार आश्रमात ८७ वर्षांच्या विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी अन्न, पाणी आणि औषध तिन्ही नाकारले. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला.

२/ आता पडद्याकडे वळू. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी विज्ञानमालिकेचा १९९१ मधील 'हाफ अ लाइफ' हा भाग. टिमिसिन हा शास्त्रज्ञ आपल्या ग्रहाचा विझता सूर्य वाचवू पाहतो. पण त्याच्या समाजात साठाव्या वर्षी प्रत्येकाने मरण पत्करायचे असते. काम अपुरे टाकून तो अखेर परततो.

३/ स्वीकार दोघांचाही. अंतर मात्र मोठे. टिमिसिनची घटका रूढीने ठरवली, विनोबांची स्वतः विनोबांनी. म्हणून तिथे मरणापेक्षा रूढीचेच भय वाटते.

४/ तरी पवनारने एक प्रश्न मागे ठेवला : हे प्रायोपवेशन की आत्महत्या? आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा कलम ३०९ नुसार गुन्हा होता. असाध्य आजारात उपचार थांबवून सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तो २०१८ मध्ये.

५/ मरण कधी, हे कोणी ठरवायचे? विज्ञानकथा हा प्रश्न दूरच्या ग्रहावर नेऊन विचारते. आपल्याकडे तो धामच्या काठी विचारला गेला.