दोन शहरे, दोन मनोरे



शेजारी शेजारी दोन गावे असली की चुरस आलीच. एका गावाने वेशीवर कमान उभारली की दुसऱ्याला आपली कमान हातभर ठेंगणी वाटू लागते. मग वर्गणी सुरू होते. यात वाईट असे काही नाही. चुरशीपायी गावाला शाळा मिळते, चावडी मिळते. पण या चुरशीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, आणि तिचे फळ कोणाच्या पदरात पडते, हे आपण फारसे विचारीत नाही. आज जी हकीकत सांगणार आहे ती याच प्रश्नाची. ती घडली दूर अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या काठी. पण गुरुजींनी वर्गात आणि कारभाऱ्यांनी पारावर सांगावी अशी आहे.

अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा नावाचे राज्य आहे. तेथे सेंट पॉल आणि मिनिॲपोलिस ही दोन शहरे. एकाच्या भर पेठेतून दुसऱ्याच्या भर पेठेत जायला जेमतेम पाच कोस पडतात. लोक त्यांना जुळी शहरे म्हणतात. सेंट पॉलचा मान थोरल्याचा. नदीतून वर येणाऱ्या आगबोटी तेथवर येत, म्हणून बाजार तेथे भरला. आणि 1858 मध्ये मिनेसोटा हे राज्य झाले तेव्हा राजधानीही तीच राहिली. मिनिॲपोलिसच्या वाट्याला मात्र सेंट अँथनीचा धबधबा आला. त्या पाण्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या फिरू लागल्या. दूरदूरच्या माळरानांवर शेतकऱ्यांनी पिकविलेला गहू आगगाडीने येथे यायचा आणि पीठ होऊन देशोदेशी जायचा. 1880 पासून पुढची सुमारे पन्नास वर्षे पीठ दळण्यात या शहराची बरोबरी अमेरिकेत कोणी केली नाही. 1880 च्या खानेसुमारीत मिनिॲपोलिसची वस्ती भरली 46,887 आणि सेंट पॉलची 41,473. धाकटा पुढे गेला, आणि थोरल्याच्या मनात ते सलत राहिले.

दहा वर्षांनी, 1890 मध्ये, पुन्हा खानेसुमारी आली. या वेळी दोन्ही शहरांनी कंबर कसली. पण काय करायला, तर माणसे फुगवून मोजायला! सेंट पॉलच्या बाजूने तक्रार झाली आणि मिनिॲपोलिसच्या काही गणकांना चक्क अटक झाली. मग मिनिॲपोलिसने सेंट पॉलच्या याद्या तपासायला लावल्या. तेथेही तोच प्रकार. सेंट पॉलच्या रेल्वे स्टेशनात म्हणे 275 माणसे कायमची राहत होती! शेवटी सरकारने दोन्ही शहरांची फेरमोजणी केली. मिनिॲपोलिसच्या आकड्यातून अठरा हजारांवर आणि सेंट पॉलच्या आकड्यातून नऊ हजारांवर माणसे वगळली गेली. खरे आकडे निघाले 1,64,738 आणि 1,33,156. म्हणजे लबाडी केली नसती तरी मिनिॲपोलिस पुढेच होते. साऱ्या देशात हसे मात्र दोघांचे झाले.

माणसांची मोजणी झाली, आता इमारतींची पाळी. सेंट पॉलमध्ये 1905 साली घुमटाचे देखणे विधानभवन उभे राहिले. पुढच्याच वर्षी मिनिॲपोलिसच्या नगरभवनाचे बांधकाम पुरे झाले. त्याचा मनोरा 345 फूट. आणि मग आला विल्बर फोशे नावाचा गृहस्थ.

फोशे वीज, पाणी, गॅस पुरविणाऱ्या लहान लहान कंपन्या विकत घेई आणि त्यांच्या जोरावर आपले शेअर लोकांना विकी. घेणारे बहुतेक साधे लोक होते, पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसा गुंतविणारे. या धंद्याच्या भरभराटीत त्याने मिनिॲपोलिसमध्ये 32 मजल्यांचा, 447 फूट उंचीचा मनोरा बांधला. राजधानी वॉशिंग्टन येथे जो उंच स्मारकस्तंभ आहे त्याच्या धर्तीवर, वर निमुळता होत जाणारा. चारी बाजूंना माथ्यावर मोठमोठ्या अक्षरांत आपले आडनाव कोरून घेतले. 1929 च्या ऑगस्टअखेर उद्घाटनाचा सोहळा झाला, तो कित्येक दिवस चालला. जॉन फिलिप सूझा हा त्या काळचा नामांकित बँडवाला. त्याच्याकडून खास नवी धून बांधून घेतली आणि वीस हजार डॉलरचा चेक दिला.

मंडळी, तो चेक वटला नाही. ऑक्टोबरअखेर न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि नोव्हेंबरच्या आरंभीच फोशेच्या कंपनीवर न्यायालयाने रिसीव्हर नेमला. चौकशीत काय निघाले? जुन्या भागधारकांना नफा म्हणून जो पैसा वाटला जाई, तो धंद्यातून आलेला नव्हता. नव्या भागधारकांकडून घेतलेला होता. विहिरीला झरा नाही, वरून घागरी ओतून पाणी दाखवायचे, असा तो व्यवहार. 1932 मध्ये फोशेला फसवणुकीबद्दल 15 वर्षांची शिक्षा झाली. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती कमी केली आणि 1937 मध्ये तो सुटला. ज्यांची पुंजी बुडाली त्यांना अशी सुटका नव्हती. मनोरा तसाच उभा राहिला, त्याच्या नावासकट.

आणि सेंट पॉल? तेथे 1931 मध्ये एका बँकेची इमारत पुरी झाली. मजले 32, फोशेच्या मनोऱ्याइतकेच. उंची 417 फूट, म्हणजे 30 फूट कमी. बँकेच्या नावात 'पहिली' असा शब्द होता, म्हणून गच्चीवर 'पहिली' या अर्थाची भलीमोठी खूण दिव्यांनी झळकू लागली. उंचीत दुसरी, पण पाटी पहिलीची! पुढे 1972 मध्ये मिनिॲपोलिसमध्ये 792 फुटांची इमारत उठली आणि फोशेचा मनोराही ठेंगणा झाला. उंचीच्या शर्यतीत जिंकणारा असा कायमचा कोणीच नसतो, बघा.

आता खरी सांगायची गोष्ट पुढेच आहे. मोठी इमारत, मोठे दुकान, मोठा कारखाना आपल्याच हद्दीत यावा म्हणून शहरे का धडपडतात? नुसत्या मानासाठी नव्हे. त्यावर कर मिळतो. त्या करातून शाळा, रस्ते, पाणी होते. कारखाना शेजारच्या हद्दीत गेला की त्यांची शाळा पक्की होते आणि आपली गळकी राहते. जुळी शहरे आणि भोवतालची उपनगरे याच ओढाताणीत सापडली होती. तेव्हा 1971 मध्ये मिनेसोटाच्या विधिमंडळाने एक कायदा केला. या भागातील सात जिल्ह्यांत व्यापारी व औद्योगिक मालमत्तेच्या करपात्र किमतीत त्या वर्षानंतर जी वाढ होईल, तिच्यातील शेकडा 40 भाग सामाईक धरावा, असे ठरले.

गुरुजींनी फळ्यावर मांडावे असे हे गणित आहे. समजा, एका गावात नवा कारखाना आला आणि करपात्र किंमत 100 ने वाढली. त्यातले 60 त्या गावाचे. उरलेले 40 साऱ्यांच्या राशीत. ती रास वाटताना गावाची लोकसंख्या पाहायची आणि त्याची ऐपतही. ज्याची ऐपत कमी त्याला वाटा अधिक. म्हणजे उंच इमारत शेजारी उठली तरी तिचा थोडा दाणा आपल्या कणगीत पडतोच.

हे सगळ्यांना रुचले असे नाही. बर्न्सव्हिल या उपनगराने न्यायालयात दाद मागितली. पण 1974 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आला. म्हणून चुरस संपली काय? छे! ती माणसाच्या स्वभावातच आहे. इमारती उठतच राहिल्या. 1987 मध्ये सेंट पॉलनेही आपल्या त्या बँकेहून उंच इमारत उभी केली. फरक एवढाच, की शेजाऱ्याचे भले झाले म्हणजे आपले वाटोळे झाले, असे म्हणायचे कारण पुष्कळ कमी झाले.

तेव्हा मंडळी, कोणी उंच मनोरा दाखवून तुमच्या साठवणीचा पैसा मागू लागला, तर मान वर करून मजले मोजण्याआधी त्याची वही बघा. नफा येतो तो कोठून, हे विचारा. आणि शेजारच्या गावाशी चुरस जरूर करा, पण शेवटी रास एका खळ्यावर घालता येते का, तेही पाहा. जुळ्या शहरांना हे उमगायला बराच काळ गेला. आपण तेवढा घालवू नये.