ओसरी नसलेलं घर

सोनाळ्यातल्या जुन्या घराच्या ओसरीवर तुम्ही टेकला आहात. समोर रस्ता, उत्तरेला सातपुड्याची रांग, पाठीशी माजघर. कुणी आलं तर बोलावं, नको वाटलं तर उठून आत जावं. आता डोळे मिटा.

१९१३. मॅजिस्ट्रेटचा हुकूम शिपायाच्या खिशात आहे. वेड्यांसाठीचा नवा कायदा होऊन वर्षच झालंय. बैलगाडीने शेगाव, तिथून आगगाडीने नागपूर. १८६४ पासूनचा पागलखाना. फाटक मागे लागतं. त्या काळच्या अशा इमारती तुरुंगाच्याच वळणावर गेलेल्या: लांब दालन, ओळीने माणसं, सगळी एका पहारेकऱ्याच्या नजरेत. खिडकीतून उजेड येतो, पण ती डोक्याच्या वर आहे. सातपुडा कुठल्या दिशेला, हे दुपारपर्यंत तुम्ही विसरता. रात्री शेजारचा ओरडतो. उठून जायला जागा नाही, म्हणून मग तुम्हीही ओरडता. नोंद होते: रोग वाढला.

१९४६. देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीसाठी कर्नल मूर टेलर देशातली मनोरुग्णालयं पाहून लिहितात: बहुतेक इमारती डांबून ठेवण्यासाठी आहेत, बरं करण्यासाठी नव्हेत.

१९५० चं दशक, कॅनडा. वास्तुरचनाकार कियोशी इझुमी भास घडवणारं एलएसडी घेऊन जुन्या मनोरुग्णालयात हिंडताहेत. तुम्ही त्यांच्या मागे. बोळ संपता संपत नाही. उघड्या कपाटातला अंधार अंगावर येतो. आजवर इमारत बांधताना विचार असायचा, रुग्ण कुणाला दिसेल याचा. इझुमींना हवंय, रुग्णाला काय दिसतं ते.

या शतकातलं स्वीडन, गोटेबर्गचं नवं मनोरुग्णालय. प्रत्येकाला स्वतंत्र खोली, बाग, हलवता येतील अशा खुर्च्या. शेजारी कुणी ओरडलं, तर तुम्ही खुर्ची उचलून खिडकीशी जाता. प्रकरण तिथेच विरतं. या इमारतीचा अभ्यास २०१८ साली छापून आला: रुग्णांना बांधून ठेवण्याचे प्रसंग जुन्या इमारतीच्या मानाने सरासरी निम्म्यावर आले होते. त्याच वर्षी भारतात नवा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. साखळदंड बंद, एकांतकोठडी बंद, खासगीपणा हा हक्क. पण डोक्यावरची खिडकी कायद्याने खाली येत नाही. त्याला गवंडीच लागतो.

"काहून गप्प बसले भाऊ?"

डोळे उघडा. सोनाळ्याची तीच ओसरी, शेजारचे काका. उत्तर न देता तुम्ही पाय आखडून घेता. तेही सुपारी कातरत बसतात. ओसरीवर गप्प बसलेल्याची कुणी नोंद करत नाही.